आधी हात, मग बोट

अँटॉप हिल, रविवार

आदरणीय बकुळाआत्या,

सविनय जय भीम. हे पत्र फाडायचंच असेल तर निदान वाचून फाड. पाकिटावरचं अक्षर विकासचं आहे, कारण माझं अक्षर दिसताच तू पाकीट टीव्हीखालच्या कप्प्यात सारलं असतंस, आणि जावयाचं पत्र तू उघडतेस हे मला ठाऊक आहे. (जावयाने तुझं काहीच वाईट केलेलं नाही. तो फक्त पत्ता लिहिण्यापुरता होता, आणि त्यातही त्याने पिनकोड मला विचारला.) फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर मी ब्लॉक आहे. ते तुझ्या गौतमच्या हातून चुकून झालं असं तू सगळ्यांना सांगतेस, पण चुकून झालेली गोष्ट तीन वर्षं टिकत नाही. तेव्हा शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच मी कागदावर पत्र लिहितेय, आणि शाळेत शिकवल्याप्रमाणे आधी आमची खुशाली कळवते, मग तुझी विचारते.

इकडे सर्व ठीक. आपल्याशिवाय ऑफिस चालणार नाही असं विकासला अजूनही वाटतं आणि ऑफिसने त्याचा तो समज अजून काढलेला नाही. आमची पूर्वी आता नववीत गेली. आईशी कामापुरतंच बोलायचं असं तिने ठरवलंय. म्हणजे घराण्याची रीत पुढच्या पिढीत नीट पोचली. माझी प्रकृती उत्तम. (यावर पुढे कधीतरी.)

आता तुझी प्रकृती. हे मी रीत म्हणून विचारत नाही. गौतमने परवा मला फोन केला. तू दळण आणायला खाली गेली होतीस तेवढ्यात केला, त्यामुळे त्याला ओरडू नकोस, त्याला तेवढाच वेळ मोकळा मिळतो. तो म्हणाला की तुझ्या डाव्या पायाच्या करंगळीपाशी जखम आहे, तीन आठवडे झाले तरी भरत नाही, तू तिच्यावर हळद दाबतेस आणि विचारलं की चप्पल चावली म्हणतेस. कुठली चप्पल तीन आठवडे चावते, आत्या? शुगरचं नाव काढलं की तू ताटावरून उठतेस आणि हॉस्पिटलचं नाव काढलं की माझं नाव काढतेस, असंही तो म्हणाला. दादांच्या, तुझ्या सख्ख्या भावाच्या, अंगठ्याचं काय झालं ते आपण दोघींनी शेजारी उभं राहून पाहिलंय, आणि दादाही पहिले दोन महिने चप्पलच म्हणत होते. म्हणून या पत्राचा हेतू पहिल्याच पानावर लिहून टाकते : येत्या शुक्रवारी तुला मी आमच्या हॉस्पिटलात आणणार आहे. तू नाही म्हणशील हे धरूनच मी लिहायला बसलेय, त्यामुळे नाही म्हणण्यात तू वेळ घालवू नकोस.

भांडण कशावरून झालं ते तुला सांगायला नको. पण माझ्या बाजूने मी ते कधी धड कबूल केलं नाही, ते आता करते. तीन वर्षांपूर्वीची बुद्धपौर्णिमा. घोडपदेवच्या विहारात खीरदान होतं आणि मी मोठ्या उत्साहाने मोफत शुगर तपासणीचं टेबल मांडलं होतं. (मांडायला कोणी सांगितलं नव्हतं. मला समाजकार्याची हौस आली की ती आधी नातेवाइकांना भोवते.) तू पहाटेपासून पातेल्यापाशी उभी होतीस. दोनशे माणसांना ग्लास भरून दिलेस, मनगटापर्यंत खीर. महिला मंडळाच्या बायकांनी तुला ओढत आणून माझ्यासमोर बसवलं. मी कापसाने तुझं बोट पुसल्यासारखं केलं, टोचलं, आणि मशीनवर आकडा आला ४१२. तू म्हणालीस, नमू, मी खीर अजून तोंडातसुद्धा घातली नाही. आणि मी, इतकी वर्षं नोकरी झालेली स्टाफ नर्स, अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की मशीन खोटं बोलत नाही, माणसं बोलतात. त्यावर मांडव हसला. माझ्यासमोरचा माईक बंद होता असं मी आजवर सांगत आले. तो चालू होता.

तू पदराला हात पुसलेस आणि घरी गेलीस. त्यानंतर तू मंडळ सोडलंस, शुगर तपासणं सोडलंस आणि मला सोडलंस. नामकरणाच्या दिवशी माझ्या कानात नम्रता हे नाव तू सांगितलं होतंस. ते कानातच अडकलं, पुढे गेलंच नाही, असं तू नंतर आईजवळ म्हणालीस, तेही मला पोचलं. तेव्हा मला राग आला होता. आता येत नाही, कारण ते बरोबर आहे.

तू म्हणशील की आत्ता कुठून उपरती झाली. ती एका आंब्याच्या पेटीतून झाली. पण पेटी उघडण्याआधी आम्ही डायबेटीस शिकतो कसा ते तुला सांगायला हवं, नाहीतर तुला वाटेल तुझी भाची जन्मतःच मूर्ख आहे. नर्सिंग स्कूलमध्ये या विषयाला एक दुपार होती. त्या दुपारी बाई आल्या, पॅनक्रियाजचं, म्हणजे स्वादुपिंडाचं, चित्र काढलं, चित्राला बाण काढले, आणि बाणांना नावं द्यायच्या आत पुढच्या तासाची घंटा झाली. उरलेलं शिक्षण नोकरीला लागल्यावर थोरल्या सिस्टरकडून. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सगळा डायबेटीस एका दमात शिकवला : गोड बंद, भात बंद, बटाटा बंद आणि पेशंटवर विश्वास बंद. त्यातल्या पहिल्या तीन गोष्टी पेशंट पाळत नसत, चौथी मात्र आम्ही कडक पाळली. उशीखाली हात घालून बिस्किटाचे पुडे शोधण्यात माझा हात धरणारी अख्ख्या परळ-लालबागमध्ये कोणी नव्हती. नवीन काही निघालं तर ते शिकायला डॉक्टरलोक मोठ्या हॉटेलात जातात. आम्हाला एक पोस्टर आलं. त्यावर डायबेटीसच्या पेशंटने काय खावं त्याचं ताट होतं : एक गुलाबी मासा, एक हिरवं झुडूप आणि कसलंसं अर्धं कापलेलं हिरवं फळ. चाळीस खाटांचं आमचं जुनं ट्रस्टचं हॉस्पिटल, गिरण्या होत्या तेव्हा गिरणीकामगारांसाठी बांधलेलं. तिथल्या एकाही पेशंटने यातलं काही जन्मात खाल्लेलं नव्हतं. चार नंबरच्या खाटेवरच्या अंबिकाबाई ते पोस्टर बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "ह्यो मासो ताजो नाय."

आणि शुगर तपासायचं मशीन आमच्या मजल्याला एक. ते इनचार्ज सिस्टरच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली त्यांच्या कमरेला. मशीनला लागणाऱ्या पट्ट्या मोजून मिळतात, त्यामुळे एका पेशंटला एकदाच टोचायचं. आकडा विचित्र आला म्हणून पुन्हा टोचावं असं कोणाच्या मनात आलंच, तर इनचार्ज सिस्टर अशा बघतात की आलेला आकडा आपल्याला लगेच पटतो. मी तक्रार करत नाही, फक्त सांगतेय. तुझ्या त्या दिवशीच्या ४१२ला दुसरी पट्टी मिळाली असती तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं, एवढंच.

तर आंब्याची पेटी. मे महिन्यातला मंगळवार. या अंबिकाबाई एकाहत्तर वर्षांच्या, लालबागच्या, गाव कणकवलीकडचं. त्यांचा पुतण्या जयवंत गावाहून आला तो थेट पेटी घेऊन वॉर्डात. आता बाईंना आंबा बंद. (मीच बंद केला होता, आणि बंद करताना दहा मिनिटं बोलले होते.) पण पेटी आल्यावर ती उघडून वाटायची नाही हे त्यांच्या रक्तात नाही. त्या खाटेवर मांडी घालून बसल्या, पुढ्यात स्टीलची परात घेतली आणि आंबे सोलायला लागल्या. शेजारच्या तीन, पाच आणि सहा नंबरच्या बायकाही डायबेटीसवाल्या. खायचा नाही तर निदान वास तरी घेऊ म्हणून त्याही मदतीला बसल्या. चौघींनी मिळून सोलले, कापले, कोयी पिळल्या, आलेल्यागेलेल्याला दिले. मलाही दोन मिळाले. मी ते बेसिनपाशी उभी राहून खाल्ले आणि हात धुतले, कारण माझे हात चिकट झाले होते. त्यांचेही झाले असतील हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

साडेअकराला मी मशीन घेऊन फेरीला निघाले. तीन नंबर, ३८८. चार नंबर, ४६७. पाच नंबर, ४०२. सहा नंबर, ३५१. आत्या, माझा पारा मशीनच्या पुढे गेला. मी वॉर्डाच्या मधोमध उभी राहून भाषण केलं. तुमच्यासाठी आम्ही मरमर मरतो, तुम्हाला जिभेवर ताबा नाही, पाय कापायची वेळ आली की मग सिस्टर सिस्टर करत येता, असं बरंच. पाच आणि सहा नंबर माना खाली घालून बसल्या. अंबिकाबाई तेवढ्या माझ्या डोळ्यांत बघत म्हणाल्या, "मिया आंबो खावक नाय गो, नुसतो सोललंय." त्यावर मी काय म्हणाले असेन ते तू ओळखलंच असशील. तेच. शब्दसुद्धा तेच, क्रमसुद्धा तोच. फक्त या वेळी माईक नव्हता.

आमचे तरुण डॉक्टर राजरत्न तेव्हा खाली कॅज्युअल्टीत अडकले होते. मी फोनवर आकडे वाचून दाखवले. त्यांनी आकड्यांप्रमाणे इन्शुलिन सांगितलं. चारशेच्या वर आकडा असेल तर किती द्यायचं याचं कोष्टक ठरलेलं असतं, आणि कोष्टकात आंब्याचा रकाना नसतो. सगळ्यात मोठा आकडा चार नंबरचा म्हणून तिला आधी दिलं, चौदा युनिट. पाच नंबरकडे वळले तर ट्रेमधल्या सिरिंज संपलेल्या. स्टोअरला गेले तर स्टोअरला कुलूप, माणूस जेवायला. आमच्या स्टोअरच्या कुलपाला मी आजवर शिव्याच घातल्या आहेत, पण त्या दिवशी त्याने तीन बायका वाचवल्या, म्हणून त्याचा इथे आदराने उल्लेख करते. त्यात लिफ्ट बंद असल्याने जेवणाचे डबे-पातेली जिन्याने वर यायची होती, म्हणजे एक वाजेपर्यंत वर काही येणार नव्हतं. बारा वाजता दिलेलं इन्शुलिन काही जिन्याने येत नाही.

पाऊण वाजता अंबिकाबाई मला म्हणाल्या की गोठ्याचं दार लाव, वासरू सुटलंय. मला वाटलं रागाने नाटक करतायत. मी म्हटलं, बरं, लावते. मग त्यांचा पदर घामाने भिजलेला दिसला. मनू मावशी तिथे फडकं मारत होत्या. (मनू मावशी आमच्या आया. सव्वीस वर्षं याच मजल्यावर. ट्रेनिंग शून्य, पोस्टरदेखील न बघितलेल्या.) त्यांनी फडकं टाकलं, ओल्या टॉवेलने बाईंचं तोंड पुसलं, दोन्ही हात खसाखसा पुसले आणि म्हणाल्या, "सिस्टर, ही बाई गार पडली. काहीतरी उलटं झालंय." मी दुसरी पट्टी काढली. इनचार्ज सिस्टर बघत होत्या, मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मशीनवर आकडा आला ४६.

पुढचा अर्धा तास मला तुटक आठवतो. साखरेचं पाणी चमच्याने पाजलं, शिरेतून ग्लुकोज दिलं, डॉक्टर राजरत्न जिना धावत वर आले. माझे हात काम करत होते. सव्वा वाजता अंबिकाबाईंनी डोळे नीट उघडले, आजूबाजूला बघितलं आणि "जेवण खय असा?" म्हणून विचारलं. वॉर्डातल्या बायका हसल्या. मला हसता आलं नाही. पाचशेच्या घरातली शुगर पाऊण तासात सेहेचाळीस कशी झाली याचा डॉक्टर विचार करत होते, आणि मनू मावशी फडकं उचलून पुन्हा कामाला लागता लागता म्हणाल्या, "सकाळपासून चौघींच्या बोटांवर माश्या बसतायत, मी किती वेळ हाकलतेय. हात कोणी धुतलेच नाहीत."

 मग मी तीन, पाच आणि सहा नंबरला बेसिनपाशी नेलं, साबणाने त्यांचे हात स्वतः धुतले, पुसले, आणि पुन्हा टोचलं. १७१. १४८. १९०. आंबा रक्तात नव्हता, आत्या. बोटावर होता. पातळ थेंबभर रक्तात बोटावरचा रस मिसळला की मशीन बिचारं दोन्ही मिळून मोजतं. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून तो जात नाही. हे जगाला केव्हाचंच ठाऊक आहे असं डॉक्टरांनी संध्याकाळी त्यांच्या सरांना विचारून मला सांगितलं. त्यांनाही ठाऊक नव्हतं हे त्यांनी कबूल केलं, म्हणून मी त्यांना चांगला माणूस म्हणते. मनगटापर्यंत खीर लागलेल्या बाईचं बोट मी कापसाने पुसलं होतं, हे मला तिथे बेसिनपाशी उभं असतानाच आठवलं. वॉर्डात सिस्टरने रडायचं नसतं. मी लिननच्या खोलीत गेले आणि चादरींच्या गठ्ठ्यावर बसून रडले. तू खरं बोलत होतीस. मी चुकले. ही दोन वाक्यं लिहायला मला तीन वर्षं आणि एक पेटी लागली.

रडून झाल्यावर मी तिथेच ठरवलं की आता हे सगळ्यांना शिकवायचं. आधी झाल्या प्रकाराचा रिपोर्ट लिहिला. इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, बाई बरी झाली ना, मग कशाला लिहितेस. मी म्हटलं, बरी झाली म्हणूनच लिहिता येतंय. मग मेट्रनबाईंकडे गेले की नर्सेसना ट्रेनिंग हवं. त्या म्हणाल्या अर्ज कर. अर्ज केला. म्हणाल्या तीन प्रतीत कर. तीन प्रतीत केला. म्हणाल्या हॉल रिकामा नाही, हॉलमध्ये जुन्या खाटा ठेवल्यात. मी विचारलं की खाटा कधी हलणार, तर त्यासाठी वेगळा अर्ज. शेवटी मी म्हटलं, मला हॉल नको, लिननची खोली द्या, शुक्रवारी दुपारी तीनला, सकाळची ड्युटी सुटताना आणि दुपारची लागताना पंधरा मिनिटं दोन्ही पाळ्यांच्या जणी असतात तेवढ्यात उरकते. त्या म्हणाल्या, चादरींना हात लावायचा नाही. ही आमच्या क्लासला मिळालेली अधिकृत मान्यता.

पहिल्या शुक्रवारी चौघी आल्या, त्यातल्या दोघी चादरी न्यायला आल्या होत्या. इंजेक्शनचा सराव कशावर करायचा हा प्रश्न होता. मी खाली स्वयंपाकघरातून आठ वांगी मागून आणली आणि आम्ही त्यांना नुसत्या पाण्याची इंजेक्शनं दिली, कोन बरोबर, दहापर्यंत मोजून सुई बाहेर, सगळं शिस्तीत. क्लास संपल्यावर अक्षता नावाच्या आमच्या नवीन सिस्टरने (फार प्रामाणिक मुलगी) ती वांगी वस्तू जिथून आणली तिथे परत ठेवावी म्हणून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. शनिवारी आचारी दौलतमामा पळी घेऊनच वर आले. तेलात टाकलेली वांगी त्यांच्या अंगावर थुंकली होती. त्यांना सगळं समजावून सांगितलं, ते शांत झाले, आणि जाता जाता म्हणाले की माझीपण शुगर आहे, माझं इंजेक्शन कोण बघणार. आता तेही शुक्रवारी येतात. वांगी मात्र देत नाहीत.

दुसऱ्या शुक्रवारी मी शिकवायला अंबिकाबाईंना बसवलं. घरी गेल्या होत्या तरी लालबागहून चालत आल्या, आठ वर्षं इन्शुलिन घेणारी बाई. आम्हाला पोट दाखवलं. बेंबीच्या उजवीकडे लिंबाएवढी गाठ. "रोज थयच टोचतास, म्हणान गाठ इली," असं म्हणून त्यांनी आम्हा सगळ्यांना झाडलं. जागा बदलत टोचायचं हे पुस्तकात आम्ही सगळ्यांनी वाचलेलं आहे, आत्या. गाठीवर हात फिरवल्यावर ते कळलं. एकेक सिस्टरने हात फिरवला, त्यानंतर कोणालाही वेगळं सांगावं लागलं नाही.

तिसऱ्या शुक्रवारी एकोणीस जणी होत्या, काही जिन्यात. मी माझं बोट गुळाच्या पाण्यात बुडवलं, वाळवलं, स्पिरिटने पुसलं आणि सर्वांसमोर टोचलं. ४१८. मग साबणाने हात धुतले आणि दुसरं बोट टोचलं. एकशे बारा, असं मी वाचून दाखवलं.  प्रत्येकजणी आपापले पेशंट आठवत होती. (त्यानंतर प्रयोगाला मी अक्षताचं बोट घेते. तरुण बोटातून रक्त पटकन येतं.) आता भिंतीवर पोस्टरच्या जागी कागद लावलाय : आधी हात, मग बोट. त्याखाली : पेशंट काय म्हणतो ते लिहा, मगच आकडा लिहा. इन्शुलिन आता जेवण मजल्यावर पोचल्याशिवाय कोणी देत नाही, मग कोणीही फोन करो. आणि पट्ट्यांची किल्ली दर फेरीला माझ्याकडे असते. इनचार्ज सिस्टरनी ती स्वतःहून दिली, तिसऱ्या शुक्रवारनंतर.

आता तुझं काम. हात, सुई, गाठ हे सगळं झालं. एक धडा राहिलाय आणि तो शिकवायला आमच्याकडे कोणी नाही : चारचौघांत ओरडा खाल्ल्यावर पेशंट घरी जाऊन काय करतो. आम्हाला वाटतं तो सुधारतो. तू येऊन सांग काय करतो ते. माझं नाव घेऊन सांग, मी शेजारी उभी राहीन. पंधरा मिनिटं बोल आणि मग तिथूनच आपण खाली जाऊन डॉक्टर राजरत्नांना तुझा पाय दाखवू. ते ओरडत नाहीत, मी त्यांना सांगून ठेवलंय. तू आली नाहीस तर पुढच्या रविवारी मी घोडपदेवला येऊन तुझ्या दारात बसेन, आणि तुला माहीत आहे, चाळीत दारात बसलेल्या माणसाला आधी शेजारी चहा देतात आणि मग कारण विचारतात.

गौतमला प्रेम, त्याला फोनबद्दल काही बोलू नकोस. आई तुझी रोज आठवण काढते, पण ते तुला कळवू नको म्हणालीय.

तुझी, अजून आहे असं धरून,
नमू

ता. क. येताना बंद चप्पल घालू नकोस, जखमेला लागेल. पायावर हळद लावू नकोस, डॉक्टरांना खाली काय आहे ते दिसत नाही. जुन्या गोळ्यांची पाकिटं आण, रिकामी असली तरी आण. गौतम रजा टाकणार आहे, त्याची रजा मी आधीच मंजूर धरलीय.

ता. क. २. अंबिकाबाईंना तुझ्याबद्दल सगळं सांगितलंय. त्यांनी निरोप दिलाय : "तिका सांग, मिया येतंय, दोगी मिळान हिका बरा झाडूया." तेव्हा सोबत आहे.

ता. क. ३. वर लिहिलेलं एकशे बारा खोटं आहे. हात मी साबणाने दोनदा धुतले होते. मशीनवर २८४ आलं. एकोणीस जणी माझ्याकडे बघत होत्या आणि माझ्या तोंडून एकशे बारा निघालं, इतकं सहज की मी स्वतःच चकित झाले. कोणी मशीन बघायला मागितलं नाही. सिस्टरवर सगळे विश्वास ठेवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी, पुन्हा हात धुऊन, १७६. विकासला सांगितलेलं नाही. घरी चहा बिनसाखरेचा पिते आणि ड्युटीवर कोणी पेढा दिला की खाऊन कागद पर्समध्ये कोंबते. आमच्या ओपीडीत जायचं धाडस होत नाही, कारण तिथे बसणाऱ्या सिस्टरला कसं ओरडायचं ते मीच शिकवलंय. हे मी तुला आणण्यासाठी रचलंय असं तुला वाटेल. तुझ्या जागी मलाही वाटलं असतं. म्हणून शुक्रवारी खाली गेल्यावर केसपेपर दोन काढू, तुझा आधी, माझा नंतर. साबण मी आणते. मला फार भीती वाटतेय, आत्या, आणि हे सांगायला दुसरं कोणी नाही. मशीन तुझ्या हातात देईन. टोचायचं तू, आकडा वाचायचाही तू. मोठ्याने वाचलास तरी चालेल.